शाळेच्या नव्या इमारतीत ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र: हो म्हणू की नको?

पाटीपेन्सिल

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

मुलीच्या शाळेची इमारत पाडून नवी बांधायची आहे. बांधकाम समितीत पालकांच्या बाजूने मी आहे (कुणीच हात वर करत नव्हतं, माझा कान खाजवायला वर गेला). आराखडा जवळपास पक्का झाला होता. मागच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, पटसंख्या दरवर्षी घसरतेय, तळमजल्यावरच्या चार वर्गखोल्या पुढेमागे रिकाम्याच राहणार, मग तिथे ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र का करू नये? वृद्धाश्रम नव्हे. सकाळी यायचं, पेपर वाचायचा, थोडा व्यायाम, पत्ते, बुद्धिबळ, गप्पा, आणि दुपारी आपापल्या घरी.

त्यावर जे रण माजलं, विचारू नका. निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर आजोबा मुलांना गोष्टी सांगतायत, निम्म्यांच्या डोळ्यांसमोर अनोळखी माणसं आवारात मोकाट फिरतायत. मी दोन्हीकडे मान डोलावली आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. तीन आठवड्यांनी मतदान आहे.

असं काही जवळून पाहिलेलं कुणी आहे का? "कित्ती छान" आणि "बापरे" याच्या पलीकडचं काहीतरी सांगा.

शेवटचा_बाक

शाळेत परत बसायला मिळणार असेल तर आत्ताच नाव लिहून घ्या. वयात बसत नाही अजून, पण गुडघे पात्र आहेत.

भिंगरी

मी "बापरे" गटातली. माझा मुलगा पहिलीत आहे. शाळेच्या फाटकातून आत कोण येतं हे मला माहीत असायला हवं, एवढी साधी अपेक्षा आहे. आमच्याकडे आई-वडिलांनासुद्धा ओळखपत्र दाखवून, वहीत सही करून आत सोडतात. मग रोज पन्नास-साठ माणसं येणार-जाणार, त्यांना भेटायला आणखी कुणी येणार, त्यांना सोडायला कुणी येणार, हे कोण बघणार? माणूस म्हातारा आहे म्हणजे तो निरुपद्रवीच असणार, हे गृहीतक मला भाबडं वाटतं. स्पष्ट बोलले, राग मानू नका.

निवृत्त_मास्तर

भिंगरीताई, राग कसला? तुमची काळजी रास्त आहे. पण त्या काळजीपायी सगळा विचारच मोडीत काढू नका.

बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चाळीस पोरांच्या वर्गात वाचनात मागे पडलेली सात-आठ पोरं असायचीच. त्यांच्याजवळ रोज वीस मिनिटं नुसतं बसायला माणूस मिळाला असता तर त्यातली निम्मी तरी सुधारली असती, हे मी छातीठोक सांगतो. तो माणूस मला कधी मिळाला नाही.

अमेरिकेत 'एक्सपिरियन्स कोअर' नावाचा उपक्रम १९९० च्या दशकात सुरू झाला. बाल्टिमोर शहरात साठीपुढचे स्वयंसेवक सरकारी प्राथमिक शाळांमध्ये आठवड्याला १५ तास जायचे, लहान वर्गांतल्या मुलांना वाचायला मदत करायचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी त्याचा रीतसर अभ्यास केला, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं की दोन वर्षांनी या कामातल्या पुरुषांच्या मेंदूचा स्मरणशक्तीशी संबंधित भाग किंचित वाढला होता, आणि काम न करणाऱ्यांचा वयानुसार आक्रसला होता. घरी बसून माझं काय आक्रसतंय ते आमची मंडळी रोज सांगते, ते सोडा.

आनंदी_आजी

मास्तर, नमस्कार. वय वर्षे ७८, म्हणजे ज्यांच्याबद्दल हा धागा आहे त्यांच्यातली बहुधा मी इथे एकटीच.

एक विचारू का? आम्हाला कुणी विचारलं का, की आम्हाला मुलं हवी आहेत?

मला माझी नातवंडं प्रिय आहेत. दुसऱ्यांची दोनशे नातवंडं मधल्या सुट्टीत एकदम किंचाळतात तेव्हा माझं श्रवणयंत्र अक्षरशः शिट्टी मारतं. आयुष्यभर मुलं वाढवली, नोकरी केली, सासूसासऱ्यांचं केलं. आता कुठे चार मैत्रिणी मिळाल्यात. दार लावून, पाय वर घेऊन, ज्यांच्याबद्दल बोलू नये त्यांच्याबद्दल मनसोक्त बोलायला जागा हवी आहे. त्या जागेत पहिल्या दिवसापासून "अनुभवाचा ठेवा पुढच्या पिढीला द्या" अशी पाटी लावणार असाल तर मी आपली बागेतल्या बाकावर बरी आहे.

मास्तरांना शिकवायचं असेल त्यांनी खुशाल शिकवावं. पण विरंगुळा केंद्र म्हणजे फुकट शिक्षकांचा साठा नव्हे.

शेवटचा_बाक

आजी, तुम्हाला साष्टांग. "ज्यांच्याबद्दल बोलू नये" ही पाटी मी करवून देतो.

चौकटीबाहेर

आजींचं म्हणणं मान्य, पण जगभरचे अनुभव बघा ना. टोकियोच्या एदोगावा भागात 'कोतोएन' म्हणून संस्था आहे, वृद्धांचं निवासस्थान आणि पाळणाघर एकत्र, कित्येक दशकं चालू. सिएटलला 'प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट' या वृद्धनिवासात १९९१ पासून बालवाडी चालते. लंडनच्या 'नाइटिंगेल हाउस'मध्ये २०१७ साली बालवाडी आली. सिंगापूरचं 'काम्पुंग ॲडमिरल्टी' तर ज्येष्ठांची घरं, दवाखाना, ज्येष्ठ केंद्र आणि बालसंगोपन केंद्र सगळं एकावर एक. २०१८ मध्ये वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हलमध्ये वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली. लोक करतायत आणि छान चाललंय. आपण अजून "फाटकावर कोण" यातच अडकलोय.

उंबरठा

चौकटीबाहेर, दिलेली उदाहरणं खरी आहेत, पण नीट बघा. सगळीकडे एका बाजूला मोठ्यांचं निवासस्थान किंवा घरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार वर्षांची चिमुरडी. चार वर्षांचं मूल आजोबांच्या मांडीवर चढतं. बारा वर्षांचा मुलगा चढत नाही, तो कोपऱ्यात उभा राहून मित्राला कोपर मारतो. धागाकर्तीच्या शाळेत दहावीपर्यंतची मुलं असतील तर ही उदाहरणं अर्धीच उपयोगाची. जवळचं उदाहरण हवं असेल तर क्लीव्हलंडची 'द इंटरजनरेशनल स्कूल' बघा, २०००  मध्ये सुरू झाली, ती रीतसर शाळाच आहे. किंवा मॅसॅच्युसेट्समधलं स्वॅम्पस्कॉट गाव, तिथे गावाचं ज्येष्ठ केंद्र हायस्कूलच्या आवारातच आहे.

मी वास्तुविशारद आहे. शाळांच्या इमारती बऱ्याच केल्या, शाळेसोबत ज्येष्ठांची जागा अशी एकच केली, आणि त्यात झालेल्या चुका माझ्या आहेत म्हणून लिहितो.

आम्ही एकच मुख्य दार ठेवलं. कल्पना फार सुंदर होती: सगळ्यांचं एक प्रवेशद्वार, मधोमध मोठं दालन, तिथे पिढ्या भेटतील वगैरे. सादरीकरणाच्या चित्रात एक आजोबा पतंग घेऊन उभे दाखवले होते. प्रत्यक्षात सकाळी शाळा भरताना त्या दालनात चारशे मुलं पाठीवर दप्तरं घेऊन पाच मिनिटांत शिरायची. दप्तराचा एक धक्का आणि काठी टेकत आलेल्या एक बाई खाली. सुदैवाने हाड मोडलं नाही, पण त्या बाई परत कधी आल्या नाहीत. महिन्याभरात ज्येष्ठांनी मागचं, सामान उतरवायचं दार वापरायला सुरुवात केली. म्हणजे लोकांनी स्वतःचं वेगळं दार स्वतःच शोधलं. फक्त ते दार तीन पायऱ्या चढून होतं आणि शेजारी कचऱ्याचे डबे.

तेव्हा पहिली गोष्ट दोन दारं. रस्त्याकडून ज्येष्ठांचं वेगळं, गाडी अगदी दाराशी लागेल असं, वर छप्पर असलेलं. केंद्रातून शाळेत जाणारं आतलं दार एकच, काचेचं, आणि त्याची किल्ली शाळेकडे. भिंगरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर रखवालदारात नाही, नकाशात आहे. नकाशा चुकला तर दहा रखवालदार ठेवूनही आवार सांभाळता येत नाही.

दुसरं, उतार. कागदावर सगळे १:१२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) लिहून मोकळे होतात, बऱ्याच नियमांत तेवढी परवानगीही असते. म्हणजे जोतं ४५० मिलिमीटर असेल तर ५.४ मीटर लांब उतार. स्वतःच्या हाताने चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या ऐंशीच्या माणसाला तो डोंगर वाटतो. १:२० केला तर लांबी ९ मीटर होते आणि मग मालक म्हणतात, जागा वाया जाते. वाया जाऊ द्या. किंवा त्या भागाचं जोतंच खाली घ्या, पाण्याचा निचरा नीट बघून.

आणि स्वच्छतागृह! केंद्राचं स्वच्छतागृह केंद्राच्या आत, बसायच्या जागेपासून पंधरा-वीस पावलांत, चाकाची खुर्ची आत वळेल एवढं, म्हणजे दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ सुटेल असं. मुलांची आणि मोठ्यांची स्वच्छतागृहं सामायिक अजिबात नकोत. याची कारणं लिहायची गरज नसावी.

भिंगरी

हे मला पटलं. म्हणजे ती माणसं शाळेत "येतच" नाहीत, शेजारी येतात. आधी असं कुणी सांगितलंच नाही. बैठकीत "एकाच छताखाली, एक कुटुंब" असलं काहीतरी ऐकून डोकं फिरलं होतं.

उंबरठा

छत एक, उंबरठे दोन. (नावाला जागलो.)

आनंदी_आजी

आणि दार लागतं का? आतून?

उंबरठा

लागतं आजी. आतून कडी.

सावली

मी परिचारिका आहे, घरी श्रवणशक्ती कमी झालेली आईही आहे. दोन गोष्टी.

आवाजाबद्दल आजी बोलल्या ते थट्टेवारी नेऊ नका. वय वाढलं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे नेमकी व्यंजनं. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यात खोली घुमत असेल तर संपलंच. शाळेच्या वर्गखोल्या नुसत्या प्लास्टर आणि फरशीच्या असतात, त्या घुमतातच. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी घुमण्याचा काळ (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय, तेही तरुण कानांसाठी. छताला ध्वनिशोषक फळ्या, भिंतींना थोडं मऊ आवरण, आणि मैदानाच्या विरुद्ध बाजूची खोली. उजेडाचंही तेच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत एक तृतीयांशच उजेड पोचतो असं सांगतात. वर्गाला पुरेसे दिवे तिथे पुरणार नाहीत.

दुसरी गोष्ट संसर्ग. ही मला सगळ्यात जास्त खुपते आणि बैठकींत कुणी बोलत नाही. शाळा म्हणजे सर्दी-तापाची बाजारपेठ. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस मोठ्या प्रमाणावर द्यायचे. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका गटाने हिशेब मांडला की मुलांच्या लसीकरणामुळे वर्षाला अंदाजे ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, आणि त्यात मुख्यतः वृद्ध माणसं होती. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण दिशा कुणालाही समजण्यासारखी आहे: मुलांना होतं ते आजी-आजोबांपर्यंत पोचतं.

म्हणून नको म्हणा असं मी म्हणत नाही. घरातही नातवंडं शिंकतातच. पण हवा वेगळी असू द्या, एकाच यंत्रणेतून वर्गांची हवा केंद्रात फिरवू नका, खिडक्या उघडणाऱ्या ठेवा. आणि साथीच्या दिवसांत आतलं काचेचं दार बंद ठेवायचा अधिकार कुणाकडे, हे आधीच लिहून ठेवा. साथ आल्यावर ठरवायला बसलात तर भांडणं होतील.

घंटा_वाजली

मी सध्या शिकवते आहे, म्हणून निवृत्त सरांचा मान राखून थोडं वेगळं बोलते.

सर, "जवळ बसायला माणूस" हवा, शंभर टक्के. पण तो माणूस ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यायला हवा. आमच्याकडे एकदा असा प्रयोग झाला. पहिल्या आठवड्यात बाराजण, तिसऱ्या आठवड्यात चार, मग एक गृहस्थ उरले जे मुलांना वाचायला शिकवण्याऐवजी मी कसं शिकवावं ते मला शिकवायचे. वेळापत्रक, ओळखपत्रं, कुठल्या मुलाजवळ कोण, सगळं माझ्या गळ्यात. तुम्ही सांगितलेल्या बाल्टिमोरच्या उपक्रमात स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण होतं, ते गटाने यायचे, थोडं मानधनही होतं. तो भाग आपण विसरतो आणि "आजी-आजोबा येतील" एवढंच लक्षात ठेवतो.

आणखी एक. रिकाम्या वर्गखोल्या आज रिकाम्या आहेत. आम्हाला विज्ञानाची प्रयोगशाळा धड नाही, गतिमंद मुलांसाठी वेगळी बसायची खोली नाही. जागा उरली म्हटलं की आधी बाहेरच्यांचा विचार होतो, याचं वाईट वाटतं.

निवृत्त_मास्तर

बाई, तुमचं खरं आहे. मीही तो गृहस्थ झालो असतो, कबूल करतो.

शेवटचा_बाक

मास्तरांनी चूक कबूल केली, तारीख लिहून ठेवा.

अवांतर: विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी एकदा...

व्यवस्थापक

शेवटचा_बाक, प्रयोगशाळेच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढा. इथे विषयावर राहू या.

हिशेबनीस

सगळे पहिल्या दिवसाबद्दल बोलतायत. फीत कापून झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय?

एका संस्थेच्या इमारत समितीत मी नऊ वर्षं हिशेब पाहिले. बांधकामाला देणगीदार मिळतो, कारण भिंतीवर नाव लागतं. झाडूवाल्याच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. केंद्रात एक पूर्णवेळ व्यवस्थापक, एक मदतनीस, वीज, लिफ्टची देखभाल, सफाई, विमा, हे दरवर्षी लागणार. शाळेच्या पैशातून हे होणार असेल तर पहिल्या तंगीच्या वर्षी केंद्र बंद पडेल, आणि पडायलाच हवं, कारण मुलांचे पैसे मुलांसाठी असतात. तेव्हा मतदानाआधी विचारा: चालवणारं कोण? त्यांच्याकडे निदान पाच वर्षांच्या खर्चाची तजवीज आहे का? शाळेशी त्यांचा लेखी करार किती वर्षांचा? वीज-पाण्याचे मीटर वेगळे का? कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची? केंद्र बंद पडलं तर खोल्या परत कुणाकडे आणि कोणत्या स्थितीत?

यातल्या एकाचंही उत्तर "ते बघू पुढे" असं आलं, तर नाही म्हणा.

चौकटीबाहेर

मग मधला मार्ग: केंद्र असं नावच देऊ नका. "बहुउद्देशीय दालन" बांधा. ज्येष्ठांना सकाळी, मुलांना दुपारी, संध्याकाळी कुणालाही. गरज बदलली की वापर बदलेल. घंटाताईंची तक्रारही मिटेल.

हिशेबनीस

हा मार्ग मी चाललोय, म्हणून हसू आलं.

वर म्हटलं त्या संस्थेत हेच केलं होतं. "सर्वांसाठी दालन." पहिल्या वर्षी ज्येष्ठ मंडळी आठवड्यातून पाच दिवस यायची. मग परीक्षेसाठी दोन आठवडे दालन हवं झालं. मग स्नेहसंमेलनाच्या तालमी. मग जुनी बाकं ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तात्पुरती एका कोपऱ्यात. ती तात्पुरती बाकं मी संस्था सोडली तेव्हा तिथेच होती, आणि ज्येष्ठ मंडळी नव्हती. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. प्रत्येक वेळी फक्त "या आठवड्यात जरा अडचण आहे" असं सांगितलं. सर्वांची जागा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची जागा. शाळेच्या इमारतीत आवाज शाळेचाच मोठा असणार, यात वाईट हेतू कुणाचा नाही.

आनंदी_आजी

"या आठवड्यात जरा अडचण आहे." हे वाक्य मला पाठ आहे. घरीही ऐकते.

पाटीपेन्सिल

आजी, हे वाचून गप्पच बसले थोडा वेळ.

आठ दिवसांनी परत लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत की मला बाहेर पडून विचारावंसं वाटलं. आमच्या समितीतल्या अकराजणांपैकी एकानेही ज्येष्ठांना विचारलं नव्हतं, आजी तुमचा नेम बरोबर लागला. मग मी आणि आणखी एक पालक, आम्ही शाळेच्या आसपासच्या तीसएक आजी-आजोबांशी बोललो. हे काही सर्वेक्षण वगैरे नाही, बाकावर बसून मारलेल्या गप्पा.

मुलांना शिकवायची हौस पाच-सहा जणांनाच होती. बाकीच्यांना हव्या होत्या त्या अगदी साध्या गोष्टी. पाठ टेकेल अशी हात असलेली खुर्ची, कारण हात नसले की उठता येत नाही. रक्तदाब मोजणारं कुणीतरी. फोनवरचे ॲप समजावून देणारं कुणीतरी, ओरडून न बोलता. एक बाई म्हणाल्या, पावसाळ्यात चार महिने मी घरातून बाहेरच पडत नाही, मला फक्त एक कोरडी जागा हवी जिथे कुणीतरी विचारेल की काल का नाही आलात. हे एवढंच.

एका आजोबांनी मात्र मला उलटं धरलं. म्हणाले, शाळेत कशाला, बाजारपेठेजवळ करा, दवाखान्याजवळ करा, आम्हाला तिथे जावंच लागतं. शाळेकडे बस येत नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सावली

ते आजोबा लाखमोलाचं बोलले. पोचता येत नसेल तर केंद्र कितीही देखणं असो. न्यूयॉर्कमध्ये १९४३ साली हॉडसन केंद्र निघालं, अमेरिकेतलं पहिलं ज्येष्ठ केंद्र मानतात त्याला. त्यामागचं कारणच हे होतं की मदत मागायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पैशाइतकीच सोबत हवी असते हे तिथल्या समाजसेवकांना दिसलं. म्हणजे माणसं जिथे आधीच येत होती तिथून सुरुवात झाली. तुमच्या शाळेकडे ती कशाने येणार?

उंबरठा

यावर आकडा सांगत बसत नाही, एक करून बघा. सत्तरीपुढच्या कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या बसथांब्यापासून फाटकापर्यंत चाला, त्यांच्या वेगाने. कुठे थांबावं लागलं, कुठे पदपथ संपला, रस्ता ओलांडायला किती वेळ उभं राहावं लागलं, लिहून काढा. शाळेच्या नकाशाला भिडण्याआधी तो कागद समितीसमोर ठेवा.

पाटीपेन्सिल

केलं. आजींच्या वयाच्या एका बाईंना घेऊन गेले. मला सहा मिनिटं लागतात, आम्हाला एकवीस लागली. दोनदा थांबलो, एकदा दुसऱ्याच्या ओट्यावर. शेवटच्या वळणावर पदपथच नाही, आणि शाळा सुटायच्या वेळी तिथे रिक्षांची आणि व्हॅनची जी गर्दी होते त्यातून त्या कधीच जाणार नाहीत असं त्यांनी सांगून टाकलं.

घंटा_वाजली

म्हणून वेळा. शाळा भरून अर्धा तास झाला की केंद्र उघडायचं आणि शाळा सुटायच्या अर्धा तास आधी बंद. गाड्यांची गर्दी दोन्ही वेळा टळते.

बरं, मी आधी लिहिलं त्याला पुरवणी. पुन्हा वाचताना वाटलं, मी फारच कडवट लिहिलं. प्रयोगशाळा आणि ती खोली आधी नक्की झाली, आराखड्यात काढून दाखवली, तर उरलेल्या जागेवर माझा आक्षेप नाही. आणि मुलांनी तिकडे जायला माझी हरकत नाही, उलट. आमची आठवीची मुलं फोन शिकवतील की. आठवड्यातून एकदा, सहाजण, ज्यांना जायचंय तेच. मोठ्यांनी मुलांना शिकवायचं यापेक्षा हे चालवायला मला सोपं वाटतं.

आनंदी_आजी

हे चालेल. आठवीतला मुलगा माझ्याशी तुसडेपणाने बोलला तरी चालेल, माझा मुलगाही तसाच शिकवतो. फक्त दार वाजवून आत यायचं.

भिंगरी

पाटीपेन्सिल, मग तुझं मत काय झालं शेवटी? आम्ही सगळे बोललो, तू अजून कुंपणावरच.

पाटीपेन्सिल

कुंपणावरून उतरले. कुठल्या बाजूला ते सांगते.

मी "हो" म्हणणार आहे, पण ठरावातला शब्द बदलून. आत्ताचा ठराव आहे "तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी सोय करावी." याला हो म्हटलं तर हिशेबनीसांचं दालन होणार, बाकांसकट. माझा बदल असा: दोन वर्गखोल्या, चार नव्हे, रस्त्याकडच्या. वेगळं दार, वेगळं स्वच्छतागृह, वेगळे मीटर, मैदानाची बाजू सोडून. चालवणारी संस्था लेखी करारासह पुढे आल्याशिवाय आतली सजावट करायची नाही. पण दार, नळ आणि उतार मात्र आत्ताच बांधून ठेवायचे, कारण ते नंतर फोडून करणं फार महाग पडतं असं आमच्या अभियंत्यांनीही सांगितलं. दीड वर्षात कुणी पुढे आलंच नाही तर त्या खोल्या शाळेच्या. प्रयोगशाळा आणि घंटाताई म्हणाल्या ती खोली या सगळ्याच्या आधी.

पदपथाचं काय, ते माझ्या हातात नाही. बसचंही नाही. म्हणून ठरावात ते घालता येत नाही आणि तेच सगळ्यात जास्त खटकतंय. त्या चालण्याचा कागद मात्र मी ठरावाला जोडणार आहे, एकवीस मिनिटं, दोन थांबे, दुसऱ्याचा ओटा, सगळं जसंच्या तसं.

हिशेबनीस

दीड वर्षाची मुदत ठीक. पण "पुढे आली" म्हणजे काय ते लिहा. नुसतं पत्र दिलं म्हणजे पुढे आली होत नाही. खात्यात एका वर्षाचा खर्च दाखवायला सांगा.

उंबरठा

नळाबरोबर सांडपाण्याची वाहिनीही आत्ताच. हे सगळे विसरतात आणि मग ज्येष्ठांचं स्वच्छतागृह कागदावरच राहतं. आणि दाराची रुंदी ९०० मिलिमीटर मोकळी ठेवा, चौकट धरून नव्हे.

शेवटचा_बाक

आणि खुर्च्यांना हात.

पाटीपेन्सिल

खुर्च्यांना हात, लिहिलं.

मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. विरोधातल्या पाचांपैकी दोघांनी बैठकीनंतर येऊन सांगितलं की चारऐवजी दोनच खोल्या का, म्हणून त्यांनी विरोध केला. मी कपाळावर हात मारला.

आता आराखडा परत जाणार आहे. पहिली दुरुस्ती आलीय, त्यात वेगळं दार आहे, उतार आहे, स्वच्छतागृह आहे. आतलं काचेचं दारही आहे. आजी, फक्त त्या दाराची कडी त्यांनी शाळेच्या बाजूला काढलीय. किल्ली शाळेकडे, हे ठरलंच होतं. पण आतून कडी तुमच्या बाजूला हवी होती ना?

आनंदी_आजी

हो. सांग त्यांना. आणि ती खाली नको, वाकता येत नाही.